कोणाच्या हातचं खाऊन आला?

लग्न झालं तेव्हा मला नवऱ्याचं आडनाव मिळालं, घर मिळालं, चुलीजवळ बसायला एक पाट मिळाला. त्याचं पोट मात्र माझ्या थोरल्या जावेच्या ताब्यात होतं. बायका सवतीवर जळतात. मी जावेवर जळले, आणि तेही आंबिलीवरून. आता सांगताना मला स्वतःलाच हसू येतं, पण तेव्हा येत नव्हतं. तेव्हा नुसता जळफळाट व्हायचा.

माझा नवरा धावायचा. शाळेच्या मैदानावर धावतात तसं नाही, कोसच्या कोस. महाराष्ट्र तेव्हा नुकता झाला होता. त्याच्या आधी आम्ही मुंबई राज्यात होतो, त्याच्याही आधी नागपूरकडं. राज्यं बदलत गेली, पण दर चैत्रात नांदुऱ्याच्या स्टेशनापासून सोनाळ्याच्या पारापर्यंत दौड व्हायची ती होतच राहिली. पंधरा-सोळा कोसांची वाट. झुंजुमुंजू व्हायला निघायचं आणि ऊन डोक्यावरून उतरायला लागलं की पोचायचं. पहिल्या येणाऱ्याला पागोटं आणि पितळेचा हंडा. पण खरं सांगते, हंड्याचं कोणाला फार अप्रूप नव्हतं. एवढं अंतर पायी धावून जो पारापर्यंत पोचला, त्याला वर्षभर लोक हाक मारून चहा पाजायचे.

आता एवढं अंतर कोणी उपाशीपोटी कापू शकत नाही. वाटेत खावं लागतं, प्यावं लागतं. आणि त्याचा एक कडक नियम होता. धावणाऱ्यानं पूर्ण वाटेत एकाच माणसाच्या हातचं खायचं. स्टेशनावर निघतानाच सांगायचं, माझा हात अमका. मग सोनाळ्यापर्यंत दुसऱ्या कोणाच्या हातचा पाण्याचा घोटसुद्धा घेतला की तो बाद. कधीकाळी कोणीतरी कोणाला वाटेत भांग घातलेलं ताक पाजलं होतं म्हणे, तेव्हापासून हे सुरू झालं. हा 'हात' बैलांच्या रेंगीत बसून पुढं पुढं जायचा आणि ठरलेल्या झाडांखाली खायचं-प्यायचं घेऊन उभा राहायचा. रेंगी म्हणजे आमच्याकडची हलकी, पळती गाडी. बहुतेकांचा हात बाप असायचा, नाहीतर भाऊ. माझ्या नवऱ्याचा हात माझी जाऊ.

त्याचंही कारण होतं, नाही असं नाही. सासूबाई लवकर गेल्या. जाऊ लग्न होऊन आली तेव्हा हा नुकता चालायला लागला होता. तिनं याला भरवून मोठं केलं. तिला स्वतःचं लेकरू झालं नाही, त्यामुळं सगळी माया याच्यावरच. हे मला लग्नाआधीच सांगितलं होतं, कौतुकानं. मी त्याच वेळी सावध व्हायला हवं होतं.

पारावर पोचल्यावर आणखी एक रीत होती. धावणारा आला की त्याला पाणी नाही, सावली नाही. आधी पारावरचे म्हातारे विचारायचे, 'कोणाच्या हातचं खाऊन आला?' त्यानं मोठ्यानं सांगायचं. मग डफडं वाजायचं आणि त्या हाताला चार माणसांत बोलावून नारळ द्यायचे. बाई असली तर ओटीत चोळीचा खण.

आणि सोनाळा माझं माहेर.

लग्नानंतरच्या पहिल्याच चैत्रात मी हौसेनं आधीच माहेरी जाऊन बसले. माझा नवरा धावत येणार, सगळं गाव बघणार. नवी इरकली नेसून भावजयांना घेऊन पाराच्या कडेला उभी राहिले. तो आला, घामानं निथळत, पायाला फुफाटा. म्हाताऱ्यांनी विचारलं, "कोनाच्या हातचं खाऊन आला बे?" आणि हा छाती काढून म्हणाला, "वयनीच्या!" डफडं वाजलं. माझी जाऊ रेंगीतून उतरून पदर सावरत अशी आली, जणू हिचाच नवरा धावत आला. खण घेतला, नारळ घेतला. माझी धाकटी भावजय माझ्या कानाशी लागून म्हणाली, "तुमी मंग काय करता वो तिथं?" अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी त्या दिवशी माहेरी जेवले नाही. आईला वाटलं ऊन लागलं.

माझं सासर दौडीच्या वाटेवरच, नांदुऱ्याहून येताना पूर्णा ओलांडली की, खारपाणपट्ट्यातलं. तिथं जमिनीखालचं पाणीच खारट. विहिरीतून काढलेलं पाणी तोंडात घेतलं की आधी थुंकावंसं वाटतं. चहात दूध टाकलं तर फाटायचं, डाळ शिजता शिजत नसे, आणि केस धुतले की त्यांचं सुंभ व्हायचं. पाहुणा आला तर लांबच्या मळ्यातून गोड पाणी आणून त्याला तांब्याभर द्यायचं, घरच्यांनी मात्र आपलं तेच खारं प्यायचं. सोनाळा सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथलं पाणी गोड, तिथली संत्री गोड. मी माहेरच्या पाण्याची एवढी तारीफ करायचे की जाऊ म्हणायची, "मंग आणाची होती ना हुंड्यात एखादी इहीर." बोलण्यात तिला कोणी हटवू शकत नव्हतं.

दौडीच्या आदल्या दिवशी तिचा थाट बघण्यासारखा असायचा. मी बघायचे नाही, पण घर लहान, दिसायचंच. ज्वारीचं पीठ ताकात आंबवायला ठेवायची. रात्री नांदुऱ्याला निघण्याआधी त्याच खाऱ्या पाण्यात त्याची पातळ आंबील शिजवायची, त्यात ठेचलेला लसूण, जिरं आणि वरून पुन्हा मीठ. पाणी आधीच खारट, त्यात ही मूठ सैल सोडायची. कळण्याची भाकरी करायची, ज्वारी-उडदाच्या पिठाची, तीही मीठ घातलेली. तिचे बोटभर तुकडे तेलात बुडवून ठेवायचे. भाजलेल्या कैरीचं पन्हं, त्यात जेवढा गूळ तेवढंच मीठ. फुटाणे आणि गुळाचा खडा शेवटच्या टप्प्यासाठी, ते ती कमरेला वेगळे बांधून ठेवायची. वाटेत त्याला पोटभर काही द्यायची नाही. अर्धा पेला आंबील, एक तुकडा, डोक्यावर ओला पंचा, आणि "चाल बे, बसू नको!" म्हणून ओरडायची. तो हसत हसत पुढं पळायचा.

मला वाटायचं, हे काय खाणं आहे? गडी माणसाच्या न्याहारीला जे देतो तेच याला देते. एवढा धावणारा माणूस, त्याला काही गोडधोड नको? दूध नको? साखर नको? पण बोलायची सोय नव्हती, कारण तो दरवर्षी पोचत होता.

घरातही तसंच. माझ्या हातचं जेवताना तो म्हणायचा, "बरं हाय." वहिनीच्या हातचं जेवताना काहीच म्हणायचा नाही, नुसता खात राहायचा. मला त्या 'बरं हाय'चा जेवढा राग यायचा, त्याहून जास्त त्या न बोलण्याचा यायचा.

चौथ्या वर्षी होळी झाल्या झाल्या मी त्याला गाठलं. म्हटलं, "यंदा हात माझा."

तो बैलांना पेंड घालत होता. म्हणाला, "वयनीले विचार."

"नवरे तुम्ही माझे की त्यांचे?"

त्यानं टोपलं उचललं आणि दुसऱ्या बैलाकडं गेला. आमच्याकडच्या पुरुषांना अशा वेळी बैलांची फार काळजी लागते. मग मीच चुलीपाशी गेले. जाऊ भाकरी थापत होती.

"बाई, यंदा रेंगीत मी बसते."

"काऊन वो? माह्या हाताले काई रोग झाला का?"

"तुमच्या हाताले काई नाही झालं. पण त्यायची बायको मी हाय."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. मग माझ्याकडं बघून हसली, आणि ते हसणं मला अजिबात आवडलं नाही. "बायको त हायेसच, कोन नाही म्हनते? बस मंग रेंगीत. पन माह्या हंडीतलं काई नेशील त पाह्य. हात तुया, त सामान बी तुयंच."

"नाहीच नेत."

"मीठ तरी नेजो."

"माह्या माहेरचं पाणी गोड असते बाई," मी ठसक्यात म्हटलं. "मीठ तुमच्या इथं लागते."

पुढची भाकरी तिनं अशी थापली की परात वाजली.

मग मी कंबर कसली. भावाला निरोप धाडला. त्यानं सोनाळ्याहून टोपलंभर संत्री आणली, जाड कापडाच्या दोन छागला, म्हणजे पाण्याच्या पिशव्या, भरून आणि वर एक घागर गोड पाणी आणलं. नांदुऱ्याहून पेढे मागवले. दुधात भिजवलेले पोहे, साखर घालून, केळीच्या पानात बांधून घेतले. लिंबू-साखरेचं पाणी वेगळं. सगळं रेंगीत मांडलं तेव्हा वाटलं, बघ म्हणावं, याला म्हणतात खाऊ घालणं. जाऊ ओसरीत उभी राहून बघत होती. मी मुद्दाम पेढ्यांचा पुडा वर ठेवला.

रेंगी हाकायला भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, जावेचे यजमान. अडचण एवढीच की भासऱ्यांशी धाकट्या सुनेनं बोलायचं नसतं. डोक्यावरून पदर, मान खाली, आणि काही सांगायचं झालं तर भिंतीला सांगायचं. रेंगीत भिंत कुठली? म्हणून नांदुऱ्याहून निघाल्यापासून आम्ही दोघं मुकाट. बैलांच्या घुंगरांचाच काय तो आवाज.

पहिल्या झाडाखाली तो आला. मी गोड पाण्याचा तांब्या पुढं केला. तो घटाघटा प्यायला आणि मिशा पुसत म्हणाला, "काय गोड हाय वो!" असं वाक्य तो माझ्याशी लग्नानंतर पहिल्यांदाच बोलला असेल. मी दुसरा तांब्या भरला. तोही प्यायला. वर दोन पेढे. बाजूला दुसऱ्या एका धावणाऱ्याचा बाप उभा होता, तो म्हणाला, "बाई, इतकं पानी पाजू नको, पोटात डचमळंल." मी मनात म्हटलं, जळतात मेले. मला माहीत होतं ना जळणं काय असतं, म्हणून मला ते सगळीकडं दिसत होतं.

दुसऱ्या झाडाखाली संत्री. मी सोलून, शिरा काढून, एकेक फोड त्याच्या तोंडात दिली. नवऱ्याला चारचौघांत असं भरवायचं म्हणजे त्या काळात केवढी लाज, पण त्या दिवशी मला लाज कसली? नियमच होता, माझ्याच हातचं खायचं. त्याचं तोंड माझ्या हाताजवळ. मनात आलं, तीन वर्षं हे सुख ती घेत होती. तीन कसली, त्याच्याही आधीपासून. आणि पुन्हा पोटात आग पडली. तेवढ्यात तो पळत पुढं निघून गेला.

नदीच्या पात्रात गुडघाभरही पाणी नव्हतं. पलीकडं चढ चढून तो आला तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. तो आता हसत नव्हता. पाणी दिलं, प्यायला, कारण मी दिलं म्हणून. पोहे दिले तर एक घास घेऊन मान फिरवली. त्याच्या बोटातली चांदीची अंगठी रुतून बसली होती, बोटं सुजल्यासारखी दिसत होती. "काय होऊन राह्यलं?" मी विचारलं. "काई नाही. डोकसं जड वाटते." मी आणखी लिंबू-साखरेचं पाणी पाजलं. दुसरं काय करणार? माझ्याजवळ जे होतं ते सगळं गोड होतं.

आमचं गाव दिसायला लागलं, शिवेवरचा कडुलिंब दिसायला लागला, आणि मागं वळून बघते तर हा वाटेत उभा. मग बसला. मग आडवाच झाला. मी रेंगीतून उडी टाकली. त्याच्या पोटऱ्यांत वांब आले होते. कातडीखाली गोळे असे वर-खाली होत होते की बघवत नव्हतं. पोटऱ्या धरल्या तर मांडीत वांब. मांडी धरली तर पोटात. मग त्याला उलटी झाली. माझी सगळी संत्री, सगळं साखरेचं पाणी धुळीत पडलं. तो दातओठ खाऊन कण्हत होता. भासऱ्यांनी त्याचा पाय धरून ताणला. मागून एक धावणारा आला, बघून पुढं गेला. मग आणखी एक.

आणि कडुलिंबाखाली कोण? माझी जाऊ. पदर खोचून गोवऱ्या थापत बसली होती.

घरामागं गोवऱ्या थापायला एवढी जागा असताना ही शिवेवर आली होती थापायला! आणि शेणाच्या पाटीशेजारी, फडक्यानं तोंड बांधलेली हंडी. गोवऱ्या थापायला कोणी आंबिलीची हंडी घेऊन येतं का, सांगा बरं.

तिनं बघितलं. तिचे हात शेणात तसेच राहिले. धावत यायला निघाली आणि मध्येच थांबली, कारण नियम तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ होता. तिच्या हातून एक घोट गेला की तो बाद. आजूबाजूला दुसऱ्यांच्या रेंग्या होत्या, माणसं होती, बघत होती. मग ती परत गेली, हात मातीत घासून पुसले, हंडी उचलून वाटेच्या कडेला, आम्हा दोघींच्या मध्ये आणून ठेवली आणि पाठ फिरवून कडुलिंबाशी बोलायला लागली.

"मी काई कोनाले देऊन नाही राह्यली. हंडी जड झाली, ठेवली खाली. कोनाले उचलाची असंल त उचला, नाही त कुत्रे पितील."

हंडी तिथं. मी इथं. मला त्या क्षणी काय वाटलं ते स्पष्ट सांगते. वाटलं, ती हंडी लाथेनं उडवावी. तो तिथं लोळतोय आणि मला वाटतंय, ही जिंकली. मला ठाऊकच होतं ही येणार, हिला ठाऊकच होतं माझं हसं होणार. सोनाळ्याच्या पारावर माझी भावजय उभी असेल, आणि हा तिथं पोचला तर या हंडीमुळं पोचणार. आणि नाही पोचला तर माझ्यामुळं. मी जागची हलले नाही.

भासरे माझ्याशी बोलू शकत नव्हते. ते बैलाच्या पाठीवर थाप मारून बैलालाच म्हणाले, "उचल ना बाई. किती वेळ पाहशीन?"

बैल बिचारा कान हलवत उभा राहिला. मी हंडी उचलली.

पेल्यात आंबील ओतली आणि माझ्या हातानं त्याच्या ओठांना लावली. त्यानं डोळे मिटलेले होते. पहिला घोट घेतला आणि डोळे न उघडताच म्हणाला, "वयनी..."

पेला माझ्या हातात. मांडीवर डोकं माझ्या. आणि नाव तिचं. तिकडं तिच्या पाठीला ऐकू गेलं, कारण पाठ जराशी हलली. मी दुसरा पेला भरला. थोडी थोडी पाजली, तिच्यासारखी, अर्धा पेला, मग थांबून पुन्हा अर्धा. हंडीच्या फडक्यात कळण्याच्या भाकरीचे तुकडेही निघाले. म्हणजे हिनं तेही आणले होते, गोवऱ्यांबरोबर खायला. काही वेळानं गोळे सैल झाले. तो उठून बसला, मग उभा राहिला, मग लंगडत चालायला लागला. कडुलिंबाकडं त्यानं एकदा बघितलं. तिनं बघितलं नाही. ती पुन्हा शेणात हात घालून बसली होती.

पुढच्या प्रत्येक झाडाखाली मी तीच आंबील दिली. संत्र्यांच्या टोपल्याकडं त्यानं बघितलंही नाही. उरलेले पेढे भासऱ्यांनी खाल्ले.

सोनाळ्याला तो पोचला, चालत-धावत, सगळ्यांच्या शेवटी आलेल्या दोघाचौघांतला. हंडा आणि पागोटं केव्हाच देऊन झाले होते. पण पारावरचे म्हातारे बसलेले होते आणि माझ्या भावजया उभ्या होत्या. मी रेंगीतून उतरले. म्हाताऱ्यांनी विचारलं, "कोनाच्या हातचं खाऊन आला बे?"

तो थांबला. सरळ उत्तर द्यायला एवढा वेळ लागतो का हो? माझ्याकडं बघितलं. मग मोठ्यानं म्हणाला, "हिच्या!"

"आपल्या गावची पोरगी हाय!" कोणीतरी ओरडलं. डफडं वाजलं. माझ्या ओटीत नारळ पडला, हिरव्यागार रंगाचा, लाल काठाचा खण पडला. भावजयीनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की तीन वर्षांची भरपाई झाली. माझे पाय जमिनीवर नव्हते. तेवढ्यात तो माझ्याजवळ आला, कोणाला ऐकू जाणार नाही असं, खालच्या आवाजात म्हणाला, "वयनीले सांगजो नको."

बस. एवढंच म्हणाला. मी शंभर माणसांत जिंकले होते आणि हा माणूस धापा टाकत काळजी करत होता की तिकडं तिला वाईट वाटेल.

दुसऱ्या दिवशी परत आलो. जाऊ अंगणातच उभी होती. आधी त्याचे पाय बघितले, पोटऱ्या दाबून बघितल्या, मग माझ्याकडं वळली. अगदी सहज विचारावं तसं विचारलं, "कोनाचं नाव घेतलं वो त्यानं?"

नवरा खाली बघायला लागला. भासरे बैल सोडत होते, त्यांचा हात थांबला. मी तोंड उघडलं ते 'माझं' म्हणायलाच. रस्ताभर तेच घोळवत आले होते. पण तिच्या हाताकडं नजर गेली. नखांत अजून शेण होतं. आणि तोंडातून निघालं, "तुमचं."

का निघालं? मोठेपणा म्हणून नाही, एवढं नक्की. मला वाटतं, त्यानं 'सांगू नको' म्हटलं तेव्हा मला राग आला, की याला वाटतं ही सांगणारच. म्हणून नाही सांगितलं. आणि एकदा 'तुमचं' म्हटल्यावर पिशवीतला खणही तिला द्यावा लागला. "हा घ्या. तुमच्या नावाचा."

तिनं खण उलटा-सुलटा करून बघितला. काठ बोटांत चोळून बघितला. म्हणाली, "रंग बरा हाय."

त्याची तिनं चोळी शिवली आणि ती चोळी ती सारखी घालायची. सणाला घालायची, लग्नाला घालायची, काही नसलं तरी घालायची. माझ्या माहेरचं कोणी आलं की हमखास घालायची. भाकरी थापताना तिचे हात हलायचे आणि ते लाल काठ माझ्या डोळ्यांपुढं नाचायचे. पुढच्या वर्षापासून रेंगीत पुन्हा तीच बसायला लागली. मी वाद घातला नाही. पण ती चोळी! विटली, काखेत उसवली, तिनं ठिगळ लावलं आणि घातली. मी किती वर्षं त्या चोळीवर जळले याला काही हिशेब नाही.

मग त्याचे गुडघे गेले, धावणं संपलं. दौडही हळूहळू बंद पडली. आधी भासरे गेले, मग काही वर्षांनी माझा नवरा गेला. घरात आम्ही दोघी म्हाताऱ्या उरलो, आणि मुलं-सुना आपापल्या उद्योगात. गावात नळ आले, धरणाचं गोड पाणी घरात यायला लागलं. ती खारी विहीर आता कोणी वापरत नाही.

शेवटी शेवटी जाऊ अंथरुणाला खिळली होती. अन्न जात नव्हतं. एका दुपारी मी तिच्यासाठी आंबील केली, पेला घेऊन उशाशी बसले. तिनं माझ्याकडं बघितलं आणि एकदम म्हणाली, "लहाने, तो खण तुया होता."

मी पेला खाली ठेवला. "कोनी सांगलं तुमाले?"

"ह्यायनं. त्याच दिवशी, बैल सोडता सोडता."

म्हणजे इतकी वर्षं. प्रत्येक सणाला, प्रत्येक लग्नाला, माझ्या माहेरच्या प्रत्येक माणसासमोर. "मंग घातली काऊन ती चोळी? इतके वर्सं?"

"तुले जळवाले," ती म्हणाली. "त्याले भरवलं म्या अन् पारावर नाव तुयं? माह्या जिवाले काई झालं नसंल? एकटीनं काऊन जळाचं म्या?"

आणि ती हसायला लागली. खोकला आला तरी हसत राहिली. मलाही हसू फुटलं, आणि मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं, कशानं ते मला अजून नीट सांगता येत नाही. तिला उठवून मी तिची मान माझ्या दंडावर घेतली आणि पेला ओठांना लावला. तिनं एक घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला.

"मीठ कमी हाय," म्हणाली.